एक जुलैचा जन्म

आमच्या गावातली निम्मी माणसं एक जुलैला जन्मली आहेत. हे देवाचं काम नाही, माझं आहे.

बोरगावच्या पुढच्या आमच्या खेड्यात मी चौतीस वर्षं गुरुजी होतो, त्यातली शेवटची सतरा प्रधान पाठक. जुलै उजाडला की आया लेकरांना ओढत शाळेत आणायच्या. जन्म कधीचा, असं विचारलं की उत्तर यायचं, ‘कापूस वेचाच्या टायमाले झाला जी’, नाहीतर ‘सासरा मेला त्याच्या दुसऱ्या महिन्यात.’ शाळेत कोण आलं, कोण गेलं याची नोंद ज्या दाखिल-खारिज रजिस्टरात होते, त्यात सासऱ्याच्या मरणाचा रकाना नसतो. तिथे दिवस, महिना, वर्ष लागतं, आकड्यात आणि अक्षरात. मग मी लेकराची उंची पाहायचो, पडलेले दात पाहायचो, स्वतःचं नाक स्वतः पुसतं का ते पाहायचो, आणि एक जुलै लिहून मोकळा व्हायचो. पहिलीत बसायला सहा वर्षं पूर्ण लागत. एक जुलै लिहिला की कोणी बोट ठेवत नसे.

माझं अक्षर चांगलं आहे. तपासणीला येणारे साहेब दुसऱ्या शाळांना माझं रजिस्टर दाखवायचे. एका पानावर खाडाखोड सापडायची नाही. मला त्याचा फार गर्व होता, आता लपवून काय करू? अक्षर सुंदर असलं की लिहिणाऱ्यालाच वाटायला लागतं, लिहिलेलंही खरंच असणार.

दोन हजार बाराच्या जुलैत छाया तिच्या अंकुशला घेऊन आली. ती पांढुर्ण्याची, आमच्या गावात दिलेली. नवरा गुणवंता नागपूरला मिस्त्रीकामावर गेला तो तिकडेच रमला. पोरगा तिच्या पदराला धरून उभा होता आणि डोळे मोठे करून भिंतीवरच्या बाराखडीकडे पाहत होता.

“याचं नाव लावून द्या न जी गुरुजी. मी वावरात निंदाले जाते, याले कुठं ठेवू?”

“जन्म कधीचा?”

“गोटमारीच्या दिवशीचा जी. मी माहेरी होती बाळंतपणाले. बाहेर गोटे चालू, दवाखान्यात कोन नेईन? सुईणीनंच सोडवलं. या गोटमारीले पाच भरतीन.”

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात, तो दिवस कोणी विसरत नाही. पंचांग उघडलं असतं तर सप्टेंबर दोन हजार सातमधली नेमकी तारीख मिळाली असती. आख्ख्या नोकरीत इतका पक्का जन्म मला दुसऱ्या कोणत्या आईने सांगितला नसेल. पण पक्का जन्म कामाचा नव्हता. पोरगा चार वर्षं दहा महिन्यांचा होता.

“मंग अजून दोन वर्षं थांब,” मी म्हटलं.

“तुमी मनावर घेतलं तं होईन जी.”

मी मनावर घेतलं. तिची दया आली हे खरं. शाळेची दर्ज संख्या, म्हणजे पट, त्या वर्षी कमी भरत होती आणि आणखी एक नाव मिळालं नसतं तर माझ्या हाताखालचा एक मास्तर दुसरीकडे गेला असता, हेही खरं. मी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं, एक जुलै दोन हजार सहा. एका ओळीत पोरगा चौदा महिन्यांनी मोठा झाला. छाया पाया पडली. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं की आज एका लेकराची सोय केली, आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

अंकुश वर्गात सगळ्यात लहान. दुपारी भात खाल्ला की दप्तरावर डोकं ठेवून झोपायचा. बाकीची पोरं दोन हात पुढे, हा कायम मागे. खेळात त्याला कोणी घ्यायचं नाही. रोहित आणि चंचल नावाची दोन दांडगी पोरं होती, ती याला चेंडू आणायला पळवायची, दप्तर उचलायला लावायची. हा आनंदाने पळायचा. मोठ्यांनी आपल्याला सोबत ठेवलं यातच त्याला सगळं मिळायचं. आठवीनंतर शाळा सुटली, पण त्या दोघांच्या मागे पळणं सुटलं नाही. मला हे तेव्हा दिसलं नाही. आता रात्रंदिवस तेच दिसतं. त्या दोघांच्या वर्गात त्याला बसवलं कोणी? मी बसवलं.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत सौंसरच्या बसस्टँडमागे संध्याकाळी एका बाईच्या गळ्यातली पोत ओढली गेली. बाईचं नाव वृषाली, अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. ओढणारा रोहित, मध्ये चंचल, मोटारसायकल चालवणारा अंकुश. बाई फरफटत गेल्या आणि उजव्या हाताच्या कोपराचा चुरा झाला. तिघं दुसऱ्या दिवशी लोधीखेड्याजवळ सापडले. पोलिसांनी शाळेचा दाखला मागवला. दाखल्यावर माझं मोत्यासारखं अक्षर. त्या हिशेबाने अंकुश अठरा वर्षं सात महिन्यांचा. आईच्या हिशेबाने सतरा वर्षं पाच महिन्यांचा. पोलिसांनी अक्षर मानलं आणि पोराला मोठ्यांच्या जेलात पाठवलं.

मार्चमध्ये छाया माझ्या दारात आली. मी रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती. अंगणात संत्र्याच्या दोन झाडांना आळी करत बसलो होतो. ती ओट्याच्या खालीच उभी राहिली.

“गुरुजी, वकीलसाहेबानं अर्जी लावली. थे म्हणते, अठरा भरले नसले तं लेकरायच्या बोर्डात केस जाईन. सुधारगृहात ठेवलं तरी तीन वर्षाच्या वर नाही, अन् मंग कागदावरून नावबी पुसून टाकतात. भरले असले तं दहा वर्षापर्यंत जेल. तुमाले कोर्टात बलावणार हायेत, रजिस्टर कोनं लिहिलं म्हणून.”

“बलावू दे. मी लिहिलं, मीच सांगतो. तू गोटमार सांगतली होती, मले पक्कं आठवते.”

“सांगसान न जी?”

“अवं, सांगतो म्हटलं न एकदा!” मी चिडलोच. माझ्या शब्दावर दोनदा विचारलेलं मला खपत नाही.

ती जाताना म्हणाली, “एकदा वकीलसाहेबाले भेटून घ्या जी पेशीच्या आधी. केतन वकील. सरकारनंच देल्ला.”

इथे माझं घोडं पेंड खायला लागलं. केतन म्हणजे सौंसरचाच पोरगा, नागपूरला शिकून आलेला, तीस वर्षांचाही नसेल. चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाने त्याच्या दारात जाऊन बाकावर बसायचं? त्याला गरज आहे, त्याने यावं. मी गेलो नाही. त्याला वाटलं, सरकारी पक्षाचा साक्षीदार आहे, आपल्याकडे येणार कशाला? तोही आला नाही. दोघांना एकच गोष्ट हवी होती आणि दोघं एकमेकांचं तोंड न पाहता कोर्टात उभे राहिलो.

कोर्टातली पेशी एप्रिलात लागली. जामसावळीच्या हनुमान जयंतीच्या बंदोबस्तात पोलीस गुंतलेले, म्हणून अंकुशला जेलातून आणलं नव्हतं. छाया मागच्या बाकावर मांडीवर डबा घेऊन बसली होती. पोरगा येईल म्हणून काहीतरी करून आणलं असावं. मी धुतलेलं धोतर, कोट, टोपी घालून गेलो होतो. काय बोलायचं ते रस्ताभर घोकलं होतं. साहेब, आईने गोटमारीचा दिवस सांगितला होता, एक जुलै मी माझ्या मनाने लिहिला. एवढं एकच वाक्य.

आधी सरकारी वकील उठले. वयाने माझ्याएवढे, बोलायला गोड. “या गुरुजी. पाणी घेता? वा, काय अक्षर आहे हो! आजकाल कुठे पाहायला मिळते.” न्यायाधीश मॅडमनीही रजिस्टर हातात घेऊन पान पाहिलं आणि मान डोलावली. मी आतल्या आत फुललो. नोंद तुमच्याच हातची? हो. रजिस्टर शाळेतच असायचं? हो. खाडाखोड काही? मुळीच नाही. वकील बसले. तारीख कुठून आणली हे त्यांनी विचारलंच नाही, त्यांना ते विचारायचं नव्हतंच.

मग केतन उठला. रजिस्टर उघडून त्याने पानावर बोट फिरवलं.

“गुरुजी, या पानावर तेवीस मुलं आहेत. त्यातल्या सतरा जणांचा जन्म एक जुलैचा आहे. तुमच्या गावातल्या सगळ्या बाया एकाच दिवशी बाळंत होतात का?”

कोर्टात हशा पिकला. दारात उभा असलेला शिपाई गौतम माझाच विद्यार्थी. तो तोंडावर हात ठेवून हसत होता. त्याचाही जन्म एक जुलैचाच, माझ्याच हातचा, आणि त्याच कागदावर त्याला ही नोकरी लागलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“हे रजिस्टर आहे की गंमत?” केतन पुढे म्हणाला. “मनाला येईल ते लिहीत होता तुम्ही? कोणी विचारणारं नव्हतं म्हणून वाट्टेल ते भरायचं, आणि त्याच्यावर पोरांची आयुष्यं चालायची? चौतीस वर्षं तुम्ही हेच केलं ना?”

आता नीट पाहा. तो जे म्हणत होता ते शंभर टक्के खरं होतं. मी जे सांगायला आलो होतो, तेच तो माझ्या तोंडून काढू पाहत होता. मी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. दोन अक्षरंसुद्धा नाहीत, एकच. तेवढ्याने रजिस्टर बाजूला पडलं असतं, पोराच्या हाडांची तपासणी झाली असती, आईला विचारलं असतं. पण मला पोरगा दिसत नव्हता. मला तो काळ्या कोटातला कालचा छोकरा दिसत होता आणि दारातला गौतम दिसत होता. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

“मनाचं एक अक्षर लिहिलं नाही,” मी म्हटलं. “आईने जे सांगितलं, तेच लिहिलं.”

केतन थबकला. “एक जुलै दोन हजार सहा ही तारीख आईने सांगितली?”

“हो.”

“शपथेवर सांगता?”

“शपथेवरच उभा आहे मी इथे.”

आमच्या भागात कोर्टाचं कामकाज हिंदीत चालतं. न्यायाधीश मॅडमनी टाइप करायला सांगितलं, “जन्मतिथि माता के बताए अनुसार दर्ज की गई.” टाइपरायटरसारखा तो कम्प्युटर टकटकला आणि वाक्य कागदावर गेलं. मी खाली उतरताना मागच्या बाकाकडे पाहिलं. छाया माझ्याकडे रागाने पाहत असती तर मला बरं वाटलं असतं. ती डब्याच्या झाकणाकडे पाहत होती.

बाहेर व्हरांड्यात ती माझ्याजवळ आली. आवाज चढवला नाही. “गुरुजी, मी तुमाले गोटमार सांगतली होती न जी.”

“तुहा वकील नालायक हाय,” मी म्हटलं. “बोलाची पद्धत नाही त्याले. मी सांगतच होतो, त्यानंच सगळं बिघडवलं.” आणि सायकलस्टँडकडे चालू लागलो. माझी सायकल तिथे नव्हतीच, मी बसने आलो होतो. पण तिच्यासमोर उभं राहवत नव्हतं.

पंधरा दिवसांनी आदेश आला. शाळेचं रजिस्टर विश्वासार्ह, लिहिणाऱ्या शिक्षकाने शपथेवर दुजोरा दिलेला, सबब आरोपी घटनेच्या दिवशी सज्ञान. त्यात न्यायाधीशांची काही चूक नव्हती. त्यांच्यासमोर जे ठेवलं, त्यावर त्यांनी न्याय केला. मी जे ठेवलं.

त्या रात्री ताट वाढताना बायको म्हणाली, “वाचलं न तुमचं रजिस्टर? जेवा मंग आता पोटभर.” ती चाळीस वर्षांत मला कधी असं बोलली नव्हती.

मी शाळेत पोरांना मारायचो. तेव्हा मारायचेच सगळे. पण माझा एक नियम होता. छडी झाली की विषय संपला, पुढच्या तासाला त्याच पोराला मी फळा पुसायला बोलवायचो. घरी सांगायचं नाही, दुसऱ्या मास्तराला सांगायचं नाही, वर्षाच्या शेवटी उकरून काढायचं नाही. लेकरांच्या कायद्यातही तेच आहे, असं मला पुढे केतनने सांगितलं. शिक्षा नव्हे, सुधारणा, आणि मग नोंदच पुसून टाकायची, पोरगा मोकळ्या पाटीने जगायला लागेल. मी आयुष्यभर जे करतो असं समजत होतो, ते करायला एक बोर्ड सरकारने बसवलेलं होतं. त्याच्या दारापर्यंत पोचलेल्या पोराला मी हात धरून परत मागे ओढलं.

तरीही मी सहा महिने काही केलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यांवरूनच पडलं असेल. मी स्वतःला समजवत होतो की पोराने गाडी चालवली हे तर खरं आहे ना, बाईचा हात मोडला हे तर खरं आहे ना, मग शिक्षा झाली तर काय बिघडलं? रोहित आणि चंचल जमानतीवर सुटून आले होते. पानठेल्यावर दिसायचे. अंकुशला जमानतदार मिळाला नव्हता. मी पानठेल्याचा रस्ता सोडून मागच्या पांदणीने जायला लागलो.

दिवाळीच्या आधी सौंसरच्या बसस्टँडवर एक बाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. उजवा हात कोपरात वाकलेला होता, तो पोटाशी धरून होत्या.

“तुम्ही पुंडलिक गुरुजी ना? अंकुशच्या शाळेचे? मी वृषाली.”

मी एक पाऊल मागे सरकलो. त्या मात्र शांत होत्या. हात आता सरळ होणार नाही, मुलीची वेणी घालता येत नाही, नोकरी चालू आहे, डाव्या हाताने सही करायला शिकले, असं सगळं त्यांनी शेजारणीशी बोलावं तसं सांगितलं. मग म्हणाल्या, “एक विचारू? तो गाडी चालवणारा, तो खरंच अठराचा होता का हो?”

“कागद तसं म्हणतो.”

“मी पडले तेव्हा त्याने गाडी थांबवली होती. मागे वळून पाहिलं. रडायच्या बेतात होतं तोंड. मागच्याने टाळक्यात मारली तेव्हा पुढे गेला. मी बयानात सांगत होते, पण पोत कोणी ओढली तेवढंच लिहिलं त्यांनी.” पुढे म्हणाल्या, “मला राग आहे गुरुजी. रोज सकाळी कपडे घालताना येतो. पण तो आला की त्या दोघांची तोंडं दिसतात. त्या पोराचं तोंड आलं की राग टिकत नाही. माझ्या अंगणवाडीतली पोरं असंच तोंड करतात.”

त्यांची छिंदवाड्याची गाडी लागली. चढताना मी त्यांची पिशवी धरली. जिचा हात मोडला ती बाई पोराला मूल म्हणत होती, आणि ज्याने त्याला बाराखडी शिकवली तो कागदाचं नाव सांगत होता. मी गावची बस सोडून दिली आणि केतनच्या ऑफिसचा पत्ता विचारत निघालो.

ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. मी बाकावर बसलो. पाऊण तास बसलो. त्याने आत बोलावलं तेव्हा मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला.

“गुरुजी, तुम्ही हे सांगायलाच आला होता? त्या दिवशी?”

“हो.”

“आणि मी तुम्हाला...” त्याने समोरची फाइल मिटली. “मला वाटलं, तुमचा माज उतरवला की रजिस्टर पडेल. एकदा फोन करायला पाहिजे होता मी.”

“मी यायला पाहिजे होतं.”

त्याने सांगितलं की वयाचा मुद्दा कधीही उठवता येतो, निकाल लागल्यावरसुद्धा. मी शपथपत्र करून द्यायचं की तारीख माझ्या मनाची होती. पण मग मी कोर्टात खोटं बोललो हेही त्यातच आलं. माझ्यावर कारवाई होऊ शकते. “होऊ दे,” मी म्हटलं. हे काही शौर्याने म्हटलं नाही. सहा महिन्यांनी शहाणपण सुचलं त्याला शौर्य कोण म्हणेल? बैल गेला आणि झोपा केला. आणि अर्ज कोर्टात लागेल, पुन्हा चौकशी होईल, वर जाईल, त्यात आणखी किती महिने जातील हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

अर्जावर अंकुशची सही लागत होती. ते काम केतन करून आणणार होता. पण मला पोराला भेटायचं होतं. माझ्या तोंडाने सांगायचं होतं. मी छायाकडे गेलो, शपथपत्राचं सांगितलं. तिने ऐकलं, चूल फुंकली, आणि म्हणाली, “बुधवारी माही मुलाकात हाय. तुमी जा माह्या जागी.” पंधरा दिवसांतून एकदा येणारी भेट तिने मला दिली. सोबत मात्र आली. आत एकालाच सोडणार होते, ती गेटबाहेर कडुनिंबाखाली बसली.

मी आत जाण्याआधी ती म्हणाली, “गुरुजी, एक सांगाचं राहिलं.” पण शिपायाने नाव पुकारलं आणि मी घाईने गेलो.

जाळीच्या पलीकडे अंकुश आला. मिशी फुटली होती. खांदे पडले होते. भुवईवर जुन्या जखमेची खूण होती, ती कशी झाली हे मी विचारलं नाही. मला पाहिल्यावर त्याने जाळीला कपाळ लावलं, पाया पडायला वाकता येत नाही म्हणून.

“गुरुजी, तुमी आले! इतल्या दूर!” त्याचा चेहरा एकदम वर्गातला झाला. “आईनं सांगतलं होतं मले. तुमी कोर्टात खरं सांगतलं, तारीख तुमच्या हातून चुकली म्हणून. साहेबायनंच मानलं नाही. मी इथं सांगतो सगळ्याईले. माहे गुरुजी उभे राह्यले होते म्हणतो. बाकी कोणाचंच कोणी उभं राहत नाही जी इथं.”

छायाला काय सांगायचं राहिलं होतं ते मला कळलं. गप्प बसणं सोपं होतं. पोरगा खूश होता. वेळ दहा मिनिटांची होती, त्यातली दोन गेली होती. पण मी एकदा गप्प न बसता खोटं बोललो होतो, आता गप्प बसून खोटं बोललो असतो.

“नाही अंकुश,” मी म्हटलं. “मी खरं सांगतलं नाही. मी सांगाले गेलो होतो. वकिलानं चिडवलं, मले राग आला, अन् मी तुह्या आईवर ढकललं. तिनंच तारीख सांगतली म्हटलं. माह्या अक्षरापायी. तू इथं माह्यानं हायेस.”

त्याची जाळीत अडकवलेली बोटं पांढरी पडली. शिव्या देईल असं वाटलं, द्याव्यात असं वाटलं. शेजारी कोणीतरी मोठ्याने कोणत्या तरी म्हशीच्या व्यायण्याची खबर देत होतं.

“कायच्यापायी म्हणले? अक्षरापायी?” त्याने हळू विचारलं.

“हो.”

“चांगलंच होतं तसं तुमचं अक्षर,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, हीच त्याची शिक्षा मला. मग त्याने बाहीने नाक पुसलं. मी शपथपत्राचं सांगितलं, केतन सही घ्यायला येईल म्हटलं. तो मान हलवत होता, पण ऐकत होता असं वाटलं नाही. शिपायाने वेळ झाल्याचं सांगितलं. अंकुश वळला, दोन पावलं गेला आणि परत जाळीशी आला.

“गुरुजी, आईले सांगू नका, मले मालूम झालं म्हणून. तिनं माह्यासाठी इतलं बनवून सांगतलं. तिले वाटू द्या.”

मी बाहेर आलो. ऊन चढलं होतं. छाया उठून उभी राहिली, पदर सावरला, आणि माझ्या तोंडाकडे पाहायचं टाळून म्हणाली, “मी त्याले थोडं खोटं सांगतलं होतं जी तुमच्याबद्दल. लेकराले वाटलं पाहिजे न, का एक तरी माणूस आपल्याकडून उभा राह्यला. तुमाले राग नाही न आला?”

“नाही.”

“मंग? काय म्हणे?”

“आभार मानून राह्यला होता,” मी म्हटलं, “माहे.”

“मानीनच न जी,” ती म्हणाली, आणि बरं वाटून हसली.